भांगापासून दोन बोटं

ऑपरेशनच्या आधी मी रोग्याच्या डोक्यावर रेघा काढते. जांभळ्या शाईचं जाड पेन असतं, ते माझ्या ॲप्रनच्या खिशात कायम असतं आणि त्याचे डाग माझ्या सगळ्या साड्यांवर आहेत. पहिली रेघ मधली. दोन भुवयांच्या मध्ये नाकाचं मूळ जिथे आत जातं, तिथून ती निघते आणि डोक्यावरून मागे, मानेच्या वर हाडाची जी गाठ हाताला लागते, तिथे थांबते. हे वाचताना तुमचा हात मागे गेला असेल तर ती गाठ तुम्हाला सापडलीच असेल. नसेल सापडली तरी ती आहे, जरा चाचपडावं लागतं.

त्या मधल्या रेघेच्या बरोबर खाली, हाडाच्या आतल्या अंगाला, मेंदूतलं रक्त परत नेणारी सगळ्यांत मोठी शीर आहे. तिला धक्का लागला तर रक्त असं येतं की बोटांनी, कापसाने, देवाचं नाव घेऊन, कशानेही पटकन थांबत नाही. म्हणून हाड कापताना त्या रेघेपासून एक बोट तरी लांब राहायचं. दुसरी खूण कानाच्या पुढे, गालाच्या हाडाची कमान. तिच्या पातळीपर्यंत हाड खाली काढलंच पाहिजे, नाहीतर सूज खालून दाबत राहते. त्याच्या जरा वर कानशील. तिथे चार हाडं एकत्र येतात आणि कवटी सगळ्यांत पातळ असते, तिच्या आतूनच एक धमनी जाते. आपल्याकडे पोरांच्या नेमक्या कानशिलातच का लगावतात हे मला अजून कळलेलं नाही. पाठ एवढी मोठी असताना.

कवटी हा न ताणणारा डबा आहे. आत रक्त साचलं, मेंदू सुजला, तर त्याला जायला जागा नसते. तो स्वतःलाच चिरडायला लागतो. तेव्हा डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवायचं, सूज उतरू द्यायची आणि काही महिन्यांनी झाकण परत बसवायचं, असं हे ऑपरेशन. झाकण लहान काढून चालत नाही, सुजलेला मेंदू त्याच्या कडेवर कापला जातो. माझा पंजा पूर्ण पसरला की जेवढा होतो, तेवढं तरी हाड निघावं लागतं. म्हणजे मधल्या शिरेच्या जवळ तर जायचं, पण तिला हात लावायचा नाही. सगळं कौशल्य त्या एका बोटात आहे.

मोठ्या शहरांत आता पडद्यावर शिरा दाखवणारी यंत्रं आहेत. यवतमाळला माझ्याकडे सीटी स्कॅन आहे, पेन आहे आणि रोग्याची स्वतःची हाडं आहेत. ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले, ते आम्हाला डोळे मिटून कवटी हातात घ्यायला लावायचे आणि एकेक खूण बोटाने ओळखायला सांगायचे. चुकलं की चहा पाजावा लागे. मी फार चहा पाजला नाही. या गोष्टीचा मला पुष्कळ गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. त्यात राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. राग आला की माझी भाषा शुद्ध राहायची सोडून एकदम वऱ्हाडी होते, मग आमच्या सिस्टर दोन पावलं मागे सरकतात.

आमच्या हॉस्पिटलात डोकं करायला बाहेरचा न्हावी येतो. गेटसमोर त्याचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. फोन केला की गिऱ्हाइकाला अर्धवट फेसात बसवून तो धावत येतो. साठीच्या आसपासचा माणूस, सगळे त्याला मामा म्हणतात, मीही म्हणते. वस्तऱ्यात दरवेळी नवं पातं घालतो आणि रोगी बेशुद्ध असला तरी त्याच्याशी बोलतो. ‘‘थंडं पानी लावून राह्यलो जी, दचकू नका.’’ सुरुवातीला मला हसू यायचं. डोकं झालं की मी तिथेच, खिडकीच्या उजेडात, स्ट्रेचरवरच रेघा काढते आणि तोपर्यंत मामा डोकं दोन्ही हातांत धरून ठेवतो. ही आमची पद्धत बरीच वर्षं चाललेली. मी कधीही न सांगता तो डोकं नेमकं हवं तेवढंच वळवतो.

ती मुलगी आली तो हिवाळ्यातला दिवस होता, दुपारचे दोन वाजले असतील. मुलगी म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई. कळंबला ती ब्लाउज आणि ड्रेस शिवायची. अस्तर आणि लेस घ्यायला भावाच्या गाडीवर मागे बसून यवतमाळला येत होती. शहराच्या जरा अलीकडे एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि ती मागच्या मागे पडली. भावाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो मोटर मेकॅनिक, हाताला ऑइल तसंच, आणि तो कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून उभा होता. मागून त्यांची अम्मी रिक्षाने आली.

सीटी पाहिला. उजव्या बाजूला रक्ताचा जाड थर, मेंदू सुजून डावीकडे सरकलेला. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी व्हायला लागली होती. याचा अर्थ आमच्याकडे फारसा वेळ नव्हता. मी भावाला आणि अम्मीला दोन मिनिटांत सगळं सांगितलं. उजव्या बाजूचं हाड काढावं लागेल, वाचेलच असं नाही, नाही काढलं तर नक्की जाईल. भावाने सही केली. अम्मीने माझा हात धरला.

‘‘मॅडम, एकच अर्ज हाय. बाल पुरे नका काढू. कमरेपर्यंत हायेत तिचे. आजपर्यंत कैची लागू नाई दिली. भांगाच्या तिकडचे तरी राहू द्या.’’

असल्या विनवण्या मी कधी ऐकत नाही. जिवावर बेतलं असताना केसांचं काय, असं तोंडावर सांगते. पण त्या बाईने रडारड केली नव्हती, एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि ती मागताना तिची मान खाली होती. ऑपरेशन उजव्या बाजूचं, डावीकडचे केस बांधून ठेवले तर अडत काही नव्हतं. मी मामाला म्हटलं, ‘‘भांगापर्यंत उजवीकडचे काढा. डावीकडचे वेणी घालून बाजूला बांधा.’’

मामाने तसंच केलं. केस भांगाशी आपोआप दुभंगलेलेच होते, त्याच रेषेवरून त्याने वस्तरा फिरवला. मागून मानेकडचेही काढले. कापलेले केस त्याने खाली पडू दिले नाहीत, एका स्वच्छ कपड्यात गुंडाळून अम्मीकडे दिले. मी हे नंतर ऐकलं, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. भूल देणारे डॉक्टर नळी घालून फुगा दाबत होते, सिस्टर रक्ताच्या पिशवीसाठी फोनवर भांडत होत्या. मानेचा एक्स-रे ठीक आला होता, म्हणजे मान वळवायला हरकत नव्हती. मामाने डोकं डावीकडे वळवून धरलं आणि मी पेन काढलं.

समोर एका बाजूला काळेभोर केस, दुसऱ्या बाजूला गोरी कातडी आणि मध्ये सरळ, स्वच्छ कड. इतकी सरळ की जणू पट्टी लावून आखलेली. मी त्या कडेवरूनच मधली रेघ ओढली. तिच्यापासून एक बोट सोडून हाडाची कड आखली, मग कानापुढची कमान चाचपून खालची खूण केली. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. नाकाच्या मुळाला मी बोट लावलं नाही. मागच्या गाठीला लावलं नाही. वीस वर्षं जे मी इतरांकडून चहा वसूल करून शिकवत आले, ते मी केलं नाही, कारण कड दिसत होती.

‘‘मॅडम,’’ मामा म्हणाला, ‘‘हा त भांग हाये.’’

‘‘मग?’’

‘‘मधात नाई हाये तो. बाईचा भांग वाकडा हाये.’’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहुली मोठी होत चाललेली, भूल देणारे डॉक्टर घड्याळ पाहत होते आणि हा मला मध्य कुठे ते सांगतो. ‘‘मामा, तुमचं काम झालं ना? मंग डोकं धरा अन् चूप राहा. कायले टाइम खाऊन राह्यले?’’

सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या. मामा सरकला नाही. तो खाली मान घालून पण ठाम आवाजात म्हणाला, ‘‘शिव्या मंग द्या जी. सिस्टर, एक घडी डोकं धरा.’’

त्याने सिस्टरच्या हातात डोकं दिलं आणि आपल्या पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. गालावरचे बारीक केस काढायला न्हावी वापरतात तो पांढरा दोरा. हातभर तोडला. एक टोक मागच्या गाठीवर अंगठ्याने दाबलं, दुसरं दोन भुवयांच्या मधल्या खळग्यात धरलं आणि डोक्यावरून दोरा ताणला.

दोरा माझ्या रेघेवर पडलाच नाही. तो उजवीकडे, साफ केलेल्या कातडीवर पडला. माझ्या रेघेपासून चांगली दोन बोटं दूर. आणि एक बोट सोडून मी हाडाची जी कड आखली होती, ती दोऱ्याच्याही पलीकडे होती. म्हणजे माझं कापणं त्या शिरेवरून गेलं असतं. जवळून नव्हे, आरपार.

मी स्वतः गाठ चाचपली, नाकाचं मूळ चाचपलं, दोन्ही कानांपासून मोजून पाहिलं. दोरा बरोबर होता. स्पिरिटच्या बोळ्याने मी सगळ्या रेघा पुसल्या, तिची कातडी जांभळी झाली, आणि दोऱ्याच्या कडेने नवी मधली रेघ काढली. मामाने दोरा गुंडाळून खिशात टाकला आणि पुन्हा डोकं धरलं. मग आम्ही तिला आत नेलं.

आत सगळं नेहमीसारखं झालं. हाड उचललं, आतला पडदा उघडला, साकळलेलं रक्त निघालं. सुरुवातीला मेंदू निपचित होता, मग हळूहळू त्याची धडधड दिसायला लागली. ती दिसली की भूल देणारे डॉक्टर नेहमी ‘‘चला’’ म्हणतात, तसं म्हणाले. हाडाच्या वरच्या कडेशी मी थांबून पाहिलं. निळसर बारीक शिरा त्या कडेखालून मधल्या शिरेकडे निघालेल्या दिसत होत्या. पलीकडे, एका बोटावर, ती होती. मी तिच्याकडे किती वेळ पाहत राहिले कोण जाणे, सिस्टरांनी टाके घालायचा दोरा दोनदा पुढे केला.

काढलेलं हाड आम्ही तिच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं. तिथे ते सुरक्षित राहतं, फ्रिज लागत नाही, वीज गेली तरी चिंता नाही. अम्मीला हे समजावणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. ‘‘डोक्याची हड्डी पोटात? मंग पोट दुखलं त डोक्याची गोली द्यायची का पोटाची?’’ मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले. डोक्याच्या पट्टीवर सिस्टरांनी मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘इथे हाड नाही. दाबू नये.’ अम्मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती पाटी वाचून दाखवायची.

पाचव्या दिवशी तिने डोळे उघडले. डावा हात उचलत नव्हता. शिवणाऱ्या बाईचा डावा हात म्हणजे कापड सरकवणारा हात, तो गेला तर उजव्याचा उपयोग नाही. भाऊ रोज गॅरेज बंद करून यायचा आणि तिच्या बोटांत नट-बोल्ट द्यायचा, हे लाव, हे काढ. आमच्या हॉस्पिटलातल्या व्यायाम सांगणाऱ्या बाईंनी सुचवलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा त्याचा तो मोठा नट तिला आवडला. दीड महिन्याने तिने डाव्या हाताने चहाचा कप धरला. तीन महिन्यांनी पोटातलं हाड काढून मी तिच्या डोक्यात परत बसवलं. या खेपेला मामाने पूर्ण डोकं केलं, तिनेच सांगितलं. ‘‘एका बाजूचे वाढवून काय करू, बावळी दिसतो मी.’’

या सगळ्या काळात तिच्या घरचे माझेच उपकार मानत होते. अम्मी दुवा द्यायची, भावाने माझ्या गाडीचं इंजिन न विचारता साफ करून दिलं. मी ते सगळं घेत होते. मामाचं नाव मी एकदाही काढलं नाही. त्या दिवसानंतर मामा चार-पाचदा डोकी करायला आला, मी रेघा काढल्या, त्याने डोकी धरली. आता मी आधी नाक आणि गाठ चाचपायचे, त्याच्या देखत.

मग ती मुलगी तपासून घ्यायला आली. डोक्यावर ओढणी, खाली दोन बोटं वाढलेले केस. पिशवीतून तिने एक ब्लाउज काढला, माझ्यासाठी शिवलेला. आजारपणानंतरचा पहिला. माप न घेता, नुसत्या नजरेने. मी आत जाऊन घालून पाहिला तर बाह्या दंडात घट्ट. तिचा चेहरा पडला. ‘‘मापात चूक झाली मॅडम. द्या, उसवून देतो.’’

का कोण जाणे, तिच्या तोंडून ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. मी दार लावलं आणि तिला सगळं सांगितलं. भांग, रेघ, दोरा. माझी रेघ तशीच राहिली असती तर काय झालं असतं, हेही. ती भडकेल, भावाला आत बोलावेल, असं मला वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर मी ऐकून घेणार होते.

तिने हात डोक्याकडे नेला. भांग होता तिथे आता काहीच नव्हतं, तरी तिचं बोट बरोबर तिथे गेलं.

‘‘कापायच्या आंधी समजलं ना?’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘मंग ते मापच झालं मॅडम. कापल्यावर समजलं असतं त चूक.’’ तिने ब्लाउजची घडी घातली. ‘‘त्या मामाले सांगतलं का तुमी?’’

‘‘काय?’’

‘‘का मी त्यायच्यामुळं हाय.’’

मी त्याच दिवशी, दुपारची ओपीडी संपवून, रस्ता ओलांडला. वीस वर्षांत मी त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. एका खुर्चीत गिऱ्हाईक दाढीला बसलेलं, दुसरी रिकामी. मामाने रिकामी खुर्ची टॉवेलने झटकली. मी तिच्यात बसले, आरशात तो आणि मी दोघं दिसत होतो, आणि मी आरशाकडे पाहूनच त्याला म्हटलं, ‘‘मामा, ती मुलगी तुमच्यामुळे वाचली. मी तुम्हाला तेव्हा रागावले, ते चुकलं.’’ दाढीवालं गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकत होतं.

मामा अवघडला. वस्तरा पुसत राहिला. मग म्हणाला, ‘‘खरं सांगू का मॅडम? त्या दिवशी मी बोलणारच नव्हतो.’’

‘‘काहून?’’

‘‘मागं एकदा बोललो होतो. एका म्हाताऱ्याच्या कानामागं मऊ लागत होतं, तुमाले सांगतलं. तुमी म्हटलं, मामा, वस्तरा चालवा, तोंड नका चालवू. सगळे हासले. तवा ठरवलं का आपुन आता बोलायचं नाई.’’

मी आठवून पाहिलं. मला तो म्हातारा आठवला नाही, ते वाक्यही आठवलं नाही. मी ते म्हटलंच असणार, मी असंच बोलते. एवढ्या वर्षांत असे किती जण माझ्यासमोर गप्प राहिले असतील आणि त्यांच्या गप्प राहण्याची किंमत कुठल्या टेबलावर कोणी मोजली असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि अजून गेलेला नाही.

‘‘मग त्या दिवशी कसे बोललात?’’ मी विचारलं.

मामाने गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी हलकेच वर केली.

‘‘डोकं माह्या हातात होतं ना जी,’’ तो म्हणाला.